रिकामी पट्टी

"उसवायचं झालं तर गाठीपासून उसव गं. मधेच ओढलंस तर कापड रडतं." भरतकामावर वाकलेली आई असं म्हणायची. आई जाऊन वर्षं लोटली, तरी तो आवाज धाकटीच्या कानात ताजा होता. आणि आजचा घोळ त्या आवाजाचं ऐकूनच झाला.

भरतकाम आता यंत्र करतं. पण नक्षी धाकटीचीच. कॉम्प्युटरच्या तिरप्या पडद्यावर, लेखणीने, डाव्या हाताने ती काढते. कॉम्प्युटर दादाने आणला, पडद्याच्या कडांना दोन पट्ट्याही त्यानेच हौसेने मांडून दिल्या: वर घड्याळाची, डावीकडे बटणांची. वेल रेखताना धाकटीचं मनगट त्या बटणांवर टेकायचं. पान काढायला जावं, तर फाइलच मिटायची.

आज तिने ती पट्टी उजवीकडे ओढली. पट्टी तिरकी जाऊन वरच्या पट्टीवर बसली, अर्धी बटणं गडप. दुसऱ्या कुणी ती मागे ढकलली असती. धाकटीने पट्ट्यांच्या मांडणीचं अख्खं फोल्डर शोधून काढून टाकलं, अगदी गाठीपासून, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला.

घड्याळ नाही, बटणं नाहीत. नुसता निळा पडदा.

"फिटली हौस?" दादा मागे येऊन उभा राहिला.

"बघते मी."

"बघायला काही ठेवलंयस का?"

धागे कापत बसलेल्या वहिनीला हसू आवरेना. "काय लख्ख झालाय हो पडदा. वन्सं, माझ्या कढयांनाही एकदा हात लावा."

दादा हसला नाही. त्याने दुरुस्तीवाल्याला फोन केला आणि मग धाकटीला म्हणाला, "तो येऊन आधीसारखं करेल. मग मी याला पासवर्डचं कुलूप घालणार. तू नक्षी कागदावर काढून दे, इथे मी चढवीन."

"तुम्ही चढवलेली वेल म्हणजे सुतळीच," वहिनी कात्रीला सांगावं तशी पुटपुटली.

धाकटीला पुढचं दिसलं: आपली वेल दुसऱ्याच्या बोटांतून जायची, आणि आपण पुन्हा वहिनीशेजारी धागे कापायचे. तिने खुर्ची पुढे ओढली. "येऊ दे त्याला. तोवर मी इथून उठत नाही."

मोबाइलवर तिने वाचलं, पट्ट्या गेल्या तरी कीबोर्डच्या दोन कळा एकत्र दाबल्या की लिहायला एक छोटी चौकट उघडते. उघडली. पट्ट्यांच्या प्रोग्रामचं नाव एकेक अक्षर लावून तिने लिहिलं. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा पडद्याने उलट तिलाच विचारलं: नेहमीची मांडणी हवी, की एक रिकामी पट्टी?

नेहमीची म्हणजे मळलेली वाट, डोळे मिटून चालावी. रिकामी म्हणजे कोरं कापड, पहिला टाका कुठे ते आपणच ठरवावं.

"नेहमीची," दादा म्हणाला. "दाब. अगं, दाब ना." आणि त्याने स्वतःच माउसकडे हात नेला.

धाकटीने माउसवर आपला डावा हात ठेवला. तो तिने हलवला नाही. दादाचा हात तसाच अधांतरी राहिला, मग खाली गेला.

तिने रिकामी दाबली.

करड्या रंगाची एक बारीक पट्टी उगवली, दोऱ्याच्या पहिल्या ओळीसारखी. धाकटीने ती उजव्या कडेला नेऊन उभी केली. तिच्यावर घड्याळ ठेवलं, मग एकेक बटण. वेलीची फाइल उघडून एक पान काढून पाहिलं. मनगट टेकलं, पण काहीच मिटलं नाही.

तेवढ्यात पिशवी सावरत दुरुस्तीवाला दारात आला. "काय हरवलंय?"

"हरवलेलं सापडलं," वहिनी म्हणाली. "आता पाणी पिऊन जा."

"थांबा," दादा त्याला म्हणाला. "चालू झालंय, पण पूर्वीसारखं करून द्या. हिला त्याचीच सवय आहे."

दुरुस्तीवाल्याने धाकटीकडे पाहिलं. ती खुर्चीतून उठली नाही. फक्त लेखणी खाली ठेवली.

"सवय नव्हती, दादा. तुझी मांडणी मला पहिल्या दिवसापासून नको होती. तू एवढ्या हौसेने केली होतीस, म्हणून बोलले नाही."