सेलमची अक्षरं

मंगलनं लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि हातातली टेप टेबलावर आपटली.

"झालं! काल सांजच्याला मराठी करून ठेवलं, आणि आज परत ह्ये."

ब्लाउजचं माप द्यायला आलेली शालूबाई खुर्चीतल्या खुर्चीत मागं सरकली. पडद्यावर पुन्हा ती गोल गोल तमिळ अक्षरं बसली होती, कढईत जिलेब्या सोडल्यासारखी. मंगलला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. पण वाट पाठ झाली होती. दातेरी चाकाचं चित्र दाबायचं, मग घड्याळाचं, मग एक यादी उघडायची. त्या यादीत एकच शब्द ओळखीचा असायचा : मराठी. तो दाबायचा, बाहेर पडून पुन्हा आत यायचं. पडदा घटकाभर काळा व्हायचा आणि आपल्या भाषेत बोलायला लागायचा. दोन-चार दिवस बरे जायचे, गिऱ्हाइकाला गळ्याच्या डिझाइन दाखवून व्हायच्या, की एखाद्या सकाळी पुन्हा तमिळ.

"तान्या येऊन जातोय," आतून सासूचा, रंगुबाईचा आवाज आला. "कावळा न्हाई शिवला त्येला. जाईल कुठं त्यो?"

शालूबाईनं पिशवी उचलली. "माप उद्या देते गं," म्हणाली, आणि उंबऱ्याबाहेर पडली ती वळून न बघता.

तानाजी, मंगलचा नवरा, मिसरूड फुटायच्या आत सेलमला गेला होता, आटपाडीची निम्मी पोरं जातात तसा, गलाईच्या धंद्याला. सोनारांकडची मोड भट्टीत घालून चोख सोनं वेगळं करायचं. जत्रेला तेवढा गावी यायचा. पोरबाळ झालं नाही. जाताना दर खेपेला म्हणायचा, पुढच्या साली तुला घेऊन जातो. ते पुढचं साल काही उजाडलं नाही. गेल्या उन्हाळ्यात दुकानातच छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. बरोबर धंद्यात असलेला धाकटा दीर विश्वजित अस्थी घेऊन आला, आणि हा लॅपटॉप.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसून राहिले, एक खाली उतरेल तर शपथ. "आईला सांभाळीन," विश्वजित हात जोडून म्हणाला. "वैनीला अंतर देणार न्हाई." डाळिंबाच्या बागेचं बोलून झालं, अर्ध्या राहिलेल्या घराचं बोलून झालं. ऊन कललं तरी काही नाही. शेवटी जाणत्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं उठली. तेव्हापासून रंगुबाई अर्ध्या भाकरीवर आली होती. मंगलला तिचं ते पानावरून उठणं बघवत नसे.

शालूबाई गेली त्याच दुपारी मंगलनं लॅपटॉप पिशवीत घातला आणि बाजारपेठेतल्या जोतीरामकडं नेला. जोतीराम कम्प्युटर दुरुस्त करायचा, तानाजीचा शाळेतला सोबती. त्यानं चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ इकडंतिकडं दाबून बघितलं.

"वैनी, बिघाड काय न्हाई. तानाजीचं खातं आजून एका कम्प्युटरवर चालू हाय. दोन्ही एकमेकाला धरून चालत्यात. तुमी हितं भाषा बदलली की तिकडं बदलती. तिकडं कुणी फिरवली की हितं."

"तिकडं म्हंजी कुठं?"

"त्ये न्हाई दिसत. दुसरा कम्प्युटर हाय, एवढंच दिसतंय." त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "तोडून टाकू का? एक बटण हाय. मग तुमचं तुमी, त्येंचं त्ये."

मंगल पडद्याकडं बघत राहिली. सेलमच्या दुकानातला कम्प्युटर विश्वजितनं दुकानाबरोबर कधीच विकून टाकला होता. आणि तानाजी तमिळ फडाफडा बोलायचा, पण वाचायला शून्य. एसटीची पाटीसुद्धा शेजारच्याला विचारतो, हे त्यानंच तिला हसत हसत सांगितलं होतं. मग ही अक्षरं कुणाला लागत होती?

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

घरी येऊन तिनं दार लोटून घेतलं. म्हणजे आपण इथं मराठी दाबतो तेव्हा तिकडं, कुणा दुसरीच्या घरात, मेलेल्या माणसाची भाषा आपोआप पडद्यावर येते! अगं बाई. इथं सासू भुताला घाबरतेय, आणि तिकडचं भूत मी!

तिच्या अंगाची लाही झाली. तिनं मराठी केलं. दुसऱ्या दिवशी तमिळ आलं, तिनं पुन्हा मराठी केलं. "घे," ती दातओठ खाऊन म्हणायची, "घे आजून." शिवण पडून राहिलं. बटण दाबल्यावर पडदा काळा व्हायचा, त्यात तिचाच चेहरा दिसायचा, आणि तो तिला ओळखू यायचा नाही. पुढं पुढं तिकडून उत्तर उशिरा यायला लागलं. मग एके दिवशी तिचाच हात दमला. तमिळ आलेलं तिनं तसंच राहू दिलं. गिऱ्हाइकाला डिझाइन मोबाइलवर दाखवू लागली.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं. जमिनीला शेण लावून ती हात धुऊन आली, सहज म्हणून झाकण उघडलं, आणि उभीच राहिली.

पडदा मराठीत होता.

तिनं हात लावला नव्हता. रंगुबाईला तर ते चालूसुद्धा करता येत नव्हतं. तिकडूनच कुणीतरी, स्वतःला वाचता न येणारी ती भाषा शोधून लावून ठेवली होती. भूत यायचं थांबलं म्हणून. परत यावं म्हणून.

मंगलनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. रडायची तर तिला वर्षभराची सवय होती; पण हे रडू तिचं एकटीचं नव्हतं, आणि त्याचाच तिला राग आला.

ओढ्याकाठी पुन्हा पिंड मांडला. पुन्हा कावळे बाभळीवर. विश्वजितनं तेच सगळं पुन्हा म्हटलं, आईचं, वहिनीचं, बागेचं. लिंबाच्या सावलीत बसलेली रंगुबाई तळहातावर कपाळ टेकून होती. मंगल दिराजवळ गेली.

"भावजी, एक बोलायचं ऱ्हायलंय न्हवं?"

विश्वजितनं मान खाली घातली.

"तिकडं मूल हाय?"

"पोरगी हाय," तो पुटपुटला. "शाळंत जाती. वैनी, मला दादानं आण घातलीती."

चपला काढून मंगल पिंडापाशी गेली, उकिडवी बसली. उन्हानं दगड तापले होते.

"तिकडल्या दोघींना मी अंतर देणार न्हाई," ती म्हणाली. "ऐकलं न्हवं? माझा जीव जळतोय, तरीबी म्हणते. आता जावा."

ती पदर सावरून मागं वळली. चार पावलं आली असेल नसेल, मागं पंख फडफडले आणि रंगुबाईनं मोठ्यानं हंबरडा फोडला.

घरी आल्यावर सगळ्यांची पानं वाढून मंगल टेबलाशी बसली. पडदा अजून मराठीतच होता, वाट बघत. तिनं दातेरी चाक दाबलं, मग घड्याळ, मग यादी. या खेपेला 'मराठी' सोडून तिनं तमिळवर बोट ठेवलं. पडदा काळा झाला, आणि ती गोल अक्षरं हळूच येऊन बसली.

"आलाय का गं तान्या?" आतून रंगुबाईनं विचारलं. तिच्या पानात दुसरी भाकरी होती.

"न्हाई, आत्या," मंगल म्हणाली. "पोचला."