हातानं लावलेली झाकणं

गोदामात तिला सगळे पक्कड म्हणत. तोंडावर पक्कडताई, पाठीमागे नुसतंच पक्कड, आणि तिला दोन्हींचा अभिमान होता. ॲसिडच्या बाटल्यांची झाकणं लावायचं काम एकोणीस वर्षं तिच्याकडे होतं. झाकण उघडता उघडत नाही अशी गिऱ्हाइकाची लेखी तक्रार दोनदा आली होती. त्यातली एक तिनं आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. लोक बक्षिसं चिकटवतात, हिनं तक्रार.

धोकादायक मालाच्या पाठवणीचं ट्रेनिंग दर दोन वर्षांनी व्हायचं. तीच चित्रं, तेच नियम, ‘ही बाजू वर’ असे बाण, ज्वालाग्राही पदार्थांचं लाल लेबल, आणि मागच्या रांगेत डुलक्या. पक्कड नेहमी पहिल्या रांगेत बसायची आणि ट्रेनरचा प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. या वेळी मात्र ती सगळ्यात मागे, खिडकीपाशी बसली होती, दोन्ही हात टेबलाखाली.

कारण त्या हातांतच होतं. गेले तीन महिने तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत होती. आधी फक्त सकाळी, मग दिवसभर. मागच्या आठवड्यात घरी हातातली बशी सुटली. दुसऱ्या दिवशी सुनेनं काचेची भांडी वरच्या फळीवर ठेवली होती. पक्कडनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. आधीच्या पॅकरचा हात दुखायला लागला तेव्हा त्याला आधी कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं आणि मग घरीच. तिला घरी बसायची भीती वाटत होती. घरी ती कोण होती? गोदामात ती पक्कड होती.

तिला धीर होता तो एका थर्मासचा. तिचा धाकटा भाऊ गोदामाची गाडी चालवायचा. रोज सकाळी चहाचा थर्मास घेऊन तो तिच्यापुढे उभा राहायचा. “ताई, उघड गं. माझ्या बापाच्यानं उघडत नाही हे.”

“तुझा बाप माझाही बापच होता. त्याला मधे आणू नकोस,” असं म्हणून ती एका हिसक्यात झाकण फिरवायची. हा विनोद दहा वर्षांचा झाला होता, आणि दोघांना अजून हसू यायचं. या तीन महिन्यांतही थर्मास रोज उघडला होता. थर्मास उघडतो, म्हणजे बाटल्याही घट्ट लागत असणार, असं मनाला समजावून ती रोज कामाला लागायची. आज सकाळीही तो उघडला होता. आज सकाळीच तिनं चोवीस बाटल्या बंद केल्या होत्या, सहा खोकी, आणि ती खोकी आता खाली गाडीत चढत होती. भावाची केबिन आणि तो माल यांच्यामध्ये एक पातळ पत्रा होता.

“हा नवा नियम नीट ऐका,” ट्रेनर म्हणाला. त्यानं पिशवीतून तबकडी आणि काटा असलेला एक पाना काढला. “यापुढे झाकण हाताच्या अंदाजानं लावायचं नाही. हा काटा अठरा ते बावीसच्या मधे आलाच पाहिजे. अठराच्या खाली आला, तर गाडीच्या हादऱ्यांनी झाकण सैल होतं.” त्यानं पाण्यानं भरलेली बाटली पुढे ठेवली. “आधी हातानं लावा. मग मी पान्यानं सोडवतो. किती जोरावर सुटलं, ते काटा दाखवेल.”

लेबलं लावणारीचा काटा पंधरावर थांबला. हशा झाला. फोर्कलिफ्टवाल्याचा वीसवर गेला, तो कॉलर ताठ करून बसला. मग सुपरवायझरच ओरडला, “आता पक्कडताई! ट्रेनरसाहेब, पाना सांभाळा, काटा तुटेल.”

“मला नको. पोरांचा खेळ आहे,” ती म्हणाली.

“असं कसं? चला, चला!” सगळेच टाळ्या पिटायला लागले.

ती उठली. ती पुढच्या टेबलापाशी गेली. तिनं झाकण धरलं, दातओठ खाल्ले, होता नव्हता तेवढा जोर लावला. अंगठा आपल्या जागी आहे हे तिला दिसत होतं, पण कळत नव्हतं. ट्रेनरनं पाना लावला. झाकण लगेच सुटलं. काटा आठवर होता.

सगळ्यांनी माना पुढे काढून काटा पाहिला. मग फोर्कलिफ्टवाला म्हणाला, “पाना बिघडला वाटतं!” आणि सगळे हसले.

“तर काय!” सुपरवायझर म्हणाला. “एकोणीस वर्षं आम्ही या हाताच्या भरवशावर निर्धास्त आहोत. यंत्राला काय कळतंय?”

ट्रेनरनं तबकडीवर टिचकी मारली. “असेल. प्रवासात कधीकधी सेटिंग हलतं. दुसरा मागवून घेतो.”

ती जागेवर येऊन बसली. सुटले बाई, असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. तिचा हात खोटा ठरू नये म्हणून सगळ्यांनी यंत्राला खोटं पाडलं होतं, आणि तिनं नुसतं गप्प बसायचं होतं.

खाली गाडी सुरू झाली. खिडकीतून भावाचा कोपर दिसला, दारावर टेकवलेला. डोंगरातला वळणांचा रस्ता, पाठीशी पातळ पत्रा, आणि पत्र्यामागे आठवर थांबलेली चोवीस झाकणं. पण थर्मास उघडला की, तिनं स्वतःला बजावलं. पुन्हा बजावलं. या वेळी ते काही पटेना.

“पाना बरोबर आहे,” ती उभी राहून म्हणाली. “बिघडलाय तो माझा हात. गाडी थांबवा.”

ती थट्टा करतेय असं वाटून दोघे हसले. मग ती स्वतःच जिना उतरून धावत सुटली आणि फाटकात हात पसरून गाडीपुढे उभी राहिली.

खोकी उतरवली. ट्रेनरनं हातमोजे चढवून एकेक बाटली तपासली. नऊ. सात. नऊ. आठ. चोवीसपैकी एकही अठरापर्यंत गेली नाही. पाचव्या खोक्यातल्या एका बाटलीभोवतीच्या प्लास्टिकच्या पिशवीत तळाशी चमचाभर ओल होती. ती पाहिल्यावर सुपरवायझरचा चेहरा उतरला.

“कधीपासून, ताई?” त्यानं हळूच विचारलं.

“तीन महिने.”

“झाकणांना आता हात लावू नका,” तो म्हणाला आणि फोन करायला आत गेला.

भाऊ पायरीवर बसला होता, थर्मास मांडीवर घेऊन. ती त्याच्या शेजारी धप्पकन बसली आणि तिला रडू फुटलं. “पण थर्मास उघडत होता रे! रोज उघडत होता.”

त्यानं थर्मास बाजूला पायरीवर ठेवला. “मीच आधी सैल करून आणायचो,” तो म्हणाला. “एक दिवस तुझ्याच्यानं एका हिसक्यात उघडला नाही. तू उगाच पदरानं झाकण पुसत बसलीस. तुझा चेहरा बघवला नाही मला. वाटलं, चहाच तर आहे.”

“आणि बाटल्या? त्या नाही आल्या डोक्यात?”

“आल्या.” त्याची मान खालीच होती. “म्हणून तर वळणावर गाडी हळू घ्यायचो. उशीर होतो म्हणून सुपरवायझर महिनाभर ओरडतोय ना माझ्यावर.”

तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तो कळवळला. तिच्या हाताला काही जाणवलं नाही. मग तिनं थर्मास उचलून त्याच्या मांडीवर आपटला. “घट्ट लाव. खरा घट्ट.”

त्यानं लावला. तिनं दोन्ही हातांनी झाकण धरलं, फिरवलं, पुन्हा फिरवलं. दारात सुपरवायझर, ट्रेनर, फोर्कलिफ्टवाला, सगळे उभे होते.

“नाही उघडत,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि थर्मास भावाकडे दिला.