दीपगृहातला नेड

"जित्या पोराचं नाव गोष्टीत घालू नये, पोरी," शेजारच्या गार्बटबाई म्हणाल्या होत्या. दाराच्या पायरीवर बसून त्या मासे साफ करत होत्या आणि बोलताना सुरी थांबत नव्हती.

हेस्टर हसली होती. यॉर्कला शिक्षिकेचं शिक्षण घेऊन आलेल्या बाईनं अशा बोलण्याला हसायचंच असतं. तिचा पोरगा नेड कडेवर होता, बाईंच्या टोपलीकडे झेपावत होता. गोष्टीतल्या पोरानं याच्याच खोड्या उचलल्यात, मग नाव तेवढं परकं कशाला, असं ती म्हणाली. गार्बटबाईंनी माशाचं डोकं टोपलीत टाकलं आणि हवेबद्दल बोलायला लागल्या.

ती वसंतातली गोष्ट. आता नोव्हेंबर होता, व्हिटबीच्या बंदरावर तीन दिवस धुकं बसलं होतं, आणि नेडला डांग्या खोकला झाला होता. खोकल्याची उबळ आली की तो निळा पडायचा, मग लांब शिट्टीसारखा श्वास आत ओढायचा. त्या शिट्टीची वाट बघत हेस्टर उभी राहायची. ती ऐकू आली की खाली बसायची.

अशात पिमसाहेबांचा निरोप आला. ते लंडनहून चर्चच्या रविवारच्या शाळांतल्या मुलांसाठी मासिक काढत. 'दीपगृहातला नेड' वाचकांना फार आवडला आहे, शेवटचा भाग गुरुवारच्या टपालानं निघावा, आणि बालकाचा अंत शांत, प्रार्थनेसह व्हावा. त्या मासिकात गुणी पोरं शेवटच्या भागात मरतच. आया रडत, आणि पुढच्या वर्षाची वर्गणी भरत.

"मी नाही लिहिणार," हेस्टर म्हणाली.

"तुला कोण लिही म्हणतंय? मी लिहिते. तू फक्त उतरवून काढ," ज्युडिथ म्हणाली. ज्युडिथ मोठी बहीण. लग्न न झालेली, गोष्टी रचणारी. कच्चं तिनं लिहायचं, पक्कं हेस्टरनं वळणदार अक्षरात करायचं, अशी दोघींची वाटणी होती. दोघींची नावं मात्र कुठेच नसत. गोष्टीखाली 'एक पाद्री' असं छापून येई.

"उतरवणारही नाही. तुझं तू पाठव."

"माझं अक्षर पिमसाहेब वाचतील होय?"

"तर मग त्याला जगव. ताप उतरू दे, उठून बसू दे. काय बिघडतं?"

ज्युडिथ थकल्यासारखं हसली. गेल्या वर्षी कुणीतरी एका लंगड्या मुलीला जगवलं होतं, ती लेखिका पुन्हा त्या मासिकात दिसली नाही, एवढं तिनं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, बाबांच्या खोलीचं भाडं आहे, कोळशाचे पैसे आहेत, तुझ्या नवऱ्याच्या, जोनासच्या, जहाजाचा पत्ता नाही. हे मासिक गेलं तर आपण कुठं जायचं, ते तूच सांग.

हेस्टर किटलीखाली कोळसा सारायला गेली. नेडच्या खोलीत वाफ हवी होती. बहीण निष्ठुर आहे, असं तिला त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं. स्वतःला मूल नाही म्हणून असेल, असंही वाटलं, आणि त्या विचारानं तिनं चिमटा उगाच आपटला.

ज्युडिथ खिडकीशी बसून दुपारपर्यंत लिहीत होती. लिहून झालं की ते बाबांना वाचून दाखवायचं, हा घरचा शिरस्ता होता. बाबा पूर्वी गावच्या शाळेचे मास्तर. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं, पण वाक्य अडखळलं तर डावी भुवई अजून वर जायची. वाचायचं काम नेहमी ज्युडिथचंच.

हेस्टरनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. तरी आवाज आलाच. वादळात फुटलेल्या जहाजावरच्या मुलीला गोष्टीतल्या नेडनं आपलं पांघरूण दिलं होतं. आता तो तापानं पडला होता, वरचा दिवा लागला का, एवढंच बापाला विचारत होता. ज्युडिथचा आवाज कुठे अडला नाही. एक वाक्य संपून दुसरं येत होतं, पान उलटल्याचा आवाज येत होता. मग आवाज थांबला.

आतल्या खोलीत नेड झोपला होता. हेस्टर हात पुसत बाहेर आली. बाबांच्या डाव्या गालावर ओल होती. ज्युडिथच्या मांडीवर पानं होती.

"दे इकडे," हेस्टर म्हणाली. "निदान पत्ता घालून बांधून ठेवते."

तिनं पहिलं पान बघितलं. ओळींवर ओळी होत्या. जोनासला पत्र लिहिताना त्या दोघी कागद वाचवायला असंच करत: आधी सरळ लिहायचं, मग कागद फिरवून त्यावरच आडवं. गेले दोन महिने ज्युडिथच्या कच्च्या पानांवर एखादी ओळ दुसरीवर चढलेली दिसे, तेव्हाही हेस्टरनं काटकसरच समजून तिला बोल लावला होता. एवढी चिंगूसगिरी कशाला, डोळे फुटतात माझे, म्हणाली होती. त्यावर ज्युडिथ हसली होती.

इथे मात्र आडवं काही नव्हतं. ओळ त्याच ओळीवर बसली होती, तिसरी त्या दोन्हींवर. एक वाक्य कागदाच्या कडेवरून उतरून गेलं होतं. टेबलाच्या लाकडावर शाई होती.

"इथं काय लिहिलंयस?" तिनं पान पुढे केलं.

ज्युडिथनं ते घेतलं, उजेडाकडे कलवलं आणि वाचायला लागली. वारा पडला होता, समुद्र पायरीशी येऊन परतत होता, नेडनं डोळे उघडले. स्पष्ट, न अडखळता. पान तिच्या हातात उलटं होतं.

हेस्टर समोरच्या स्टुलावर बसली. बाबांची भुवई हलली नाही. ते हेस्टरकडेच बघत होते.

"कधीपासून?"

ज्युडिथ थांबली. पान तिनं मांडीवर ठेवलं, कडा बोटांनी जुळवल्या.

"उन्हाळ्यापासून. आधी नजरेच्या कडा गेल्या. मधलं अजून थोडं दिसतं, खिडकीपाशी."

"मला सांगायचं नाहीस?"

"तू नेडला बघत होतीस."

त्यात तक्रार नव्हती. हेस्टरला वाटलं, असती तर बरं झालं असतं. भिंतीवरच्या घड्याळात गुरुवारच्या टपालाला तासभर उरला होता. तिनं कोरा कागद ओढला, दौत जवळ घेतली, टाकाचं टोक नखावर तपासलं.

"सांग."

"राहू दे, हेस्टर. काहीतरी कळवू त्यांना. आजारपण आहे म्हणू."

"आणि पुढच्या खेपेला काय म्हणायचं? सांग तू."

ज्युडिथ सांगत गेली, हेस्टर लिहीत गेली. वारा पडला. समुद्र पायरीशी येऊन परतला. अक्षर नेहमीसारखं वळणदार येत होतं, याचंच तिला नवल वाटलं. बापानं नेडचा हात हातात घेतला. प्रार्थनेच्या तीन ओळी झाल्या. ज्युडिथचा आवाज अगदी हळू झाला होता.

"आणि मग नेडनं..." ज्युडिथ म्हणाली.

हेस्टरनं 'आणि मग' लिहिलं. नाव लिहायला टाक टेकवला. आतल्या खोलीतून बऱ्याच वेळात खोकला ऐकू आला नव्हता. किटलीचा आवाजही थांबला होता.

तिनं टाक उचलला नाही. शाईचा ठिपका कागदावर पसरायला लागला.

"ज्युडिथ," ती म्हणाली, "आत जाऊन जरा नेडला बघून ये. छातीवर हात ठेवून बघ. मी आता उठले, तर परत लिहायला बसायची नाही."