व्हरांड्याची कच्ची शिलाई

मिस्त्रींनी अर्ध्या गल्लीच्या घरांवर छपरं चढवली, पण स्वतःच्या दारापुढे व्हरांडा बांधायला त्यांना काही सवड होत नव्हती. त्यांच्या बायकोला सगळे टेलरकाकू म्हणायचे. काकूंची गिऱ्हाइकं भर उन्हात दाराशी ताटकळायची आणि काकू आत मशीनवर बसून नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायच्या. शेवटी एकदाचे मिस्त्री हलले. खांब उभे राहिले, आणि छपरावरून घरात जुंपली.

"दुपाखी!" मिस्त्रींनी जाहीर करून टाकलं. "मध्ये उंच, दोन्हीकडे उतार, आणि समोरचा त्रिकोण नक्षीच्या फळ्यांनी बंद. गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कळलं पाहिजे, हे मिस्त्रीचं घर!"

"सपाट स्लॅब टाका ना बाबा," लेक म्हणाली. "वर खुर्च्या टाकून बसता येईल."

"बसायला तू घरात असतेस कधी?"

"आणि मला कुणी विचारायचं ठरवलंय का?" काकूंनी मशीन थांबवलं.

"अगं, तू कपडे शिव. छपराचं मी बघतो."

मिस्त्री मनाचे वाईट नव्हते हो, पण त्यांच्या कामात कुणी नाक खुपसलं की त्यांचं डोकंच फिरायचं. काकूंना मात्र ते बोलणं चांगलंच झोंबलं. व्हरांडा येणार होता तो नेमका त्यांच्या खिडकीपुढे. त्या खिडकीच्या उजेडात बसून त्या काळे कोट शिवायच्या. काळ्या कापडावर काळा टाका! "शोधून दाखवा माझा टाका," असं त्या गिऱ्हाइकाला खुशाल सांगायच्या, आणि गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून हात टेकायचं. खिडकीतला उजेड गेला की हे काम गेलं. आणि हे काम गेलं तर टेलरकाकूंनी करायचं काय, उशांचे अभ्रे शिवत बसायचं?

छपरातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण अंगावर चढवून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाच्याच कपड्याला पक्की शिलाई मारली नव्हती. मग घराला तरी का मारायची? त्यांनी गळ्यातली टेप काढली, स्टुलावर चढून खांबांची मापं घेतली आणि जुन्या चादरी जोडून चक्क छपरंच शिवायला घेतली. मिस्त्री हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

रविवारी सकाळी घराचं ट्रायल झालं. आधी लेकीचं सपाट छप्पर. चादर खांबांना ताणून बांधली न बांधली तोच शेजारचं मांजर वर उडी मारून झोळीत झोपल्यासारखं पसरलं.

"स्लॅब काय अशी लोंबते का?" लेक कुरकुरली.

"लोंबायचं सोड. घराने डोळ्यांवर टोपी ओढलीय, ते बघ," काकू म्हणाल्या. लेकीने लांबून पाहिलं आणि मुकाट्याने गाठी सोडल्या.

मग दुपाखी. मधोमध बांबू, दोन्ही उतारांवर चादरी आणि फळ्यांच्या जागी समोर जाड घोंगडी. मिस्त्री तडक गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

"राजवाडा वाटतोय, राजवाडा!"

"आत या जरा." काकूंनी त्यांना मशीनपाशी बसवलं आणि हातात सुई अन् काळा दोरा दिला. "ओवा."

मिस्त्रींनी दोरा थुंकी लावून टोकदार केला, जीभ बाहेर काढली, एक डोळा मिटला. दोरा काही केल्या सुईत जाईना. "दिवा लाव!" काकूंनी दिवा लावला. तरी तेच. "हे तुझं काम आहे, मला कसं जमेल?" ते वैतागले.

"मलाही नाही जमत आता," काकू म्हणाल्या. "अंधुक दिसतं हो. ह्या खिडकीच्या जोरावर चाललंय सगळं." घरात हे त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं.

"मग मरू दे तो व्हरांडा," मिस्त्री हळूच म्हणाले. "काढून टाकतो खांब." पण तोंड एवढंसं झालं होतं, आणि काकूंना ते बघवेना. माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांवर हौस केलेली, आपल्या घरावर कधी नाही.

"फिटिंग चुकलं म्हणून कोट कुणी फेकून देतं का? गळा मोठा करायचा!" त्या कात्री घेऊन बाहेर गेल्या, स्टुलावर चढल्या आणि समोरच्या त्रिकोणाची शिलाई कराकरा उसवली. घोंगडी खाली पडली. वरच्या उघड्या त्रिकोणातून उजेड आला तो थेट खिडकीतून मशीनवर, मिस्त्रींच्या हातातल्या सुईवर.

"आणि पावसाचं काय?" मिस्त्रींनी आतूनच विचारलं.

"छप्पर हातभर पुढे काढा, झालर सोडतात तसं."

मिस्त्री बाहेर आले. वर पाहिलं, खाली पाहिलं, डोकं खाजवलं. "च्यायला, मला कसं नाही सुचलं?"

"तुम्ही गल्लीच्या तोंडाशी उभे होतात ना!"

व्हरांडा झाला. लाल कौलं, उंच दुपाखी, समोरचा त्रिकोण मोकळा. येणाराजाणारा थांबून बघू लागला. एक दिवस मागच्या गल्लीतले ठेकेदार आले आणि रस्त्यावरूनच ओरडले, "मिस्त्री, काय डोकं चालवलंय! आमच्याही दारापुढे अस्संच पाहिजे."

आत काकूंचं मशीन थांबलं. नवऱ्याने आपल्या कामाचं श्रेय दुसऱ्याला दिलेलं त्यांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

"कटिंग आमच्या टेलरबाईंचं," मिस्त्री खणखणीत आवाजात म्हणाले, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल असं. "मी नुसती शिलाई मारलीय. माप द्यायचं असेल तर आत जा, त्या खिडकीशी बसल्यात."

काकूंची मान ताठ झाली. इतका अभिमान त्यांना कुठल्या कोटाचाही वाटला नव्हता. चपलांचा आवाज दाराशी आला, तसा त्यांनी काळा दोरा उचलला, सुई उजेडात धरली आणि एका फटक्यात ओवली.