गाडीची समाधी

दारव्ह्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाल्या रिकाम्या बसलेल्या आणि सगळी गर्दी एका लाल, बुटक्या, दोन दारांच्या गाडीभोवती.

"हिच्यात पिस्टन नाही, भक्तहो! आत साक्षात चक्र फिरते, चक्र!" गतिनाथ महाराज गरजले.

चेल्याने प्लग काढून इंजिनाला तेलाचा अभिषेक घातला. महाराजांनी बॉनेटला अंगारा लावून किल्ली फिरवली. गाडी डरकाळली, मागून निळा धूर सुटला.

"धूप निघाला, धूप!" चेला ओरडला. माझेही हात जुळले, खोटं कशाला बोलू?

कापसाचा भाव पडल्यापासून भावसिंगच्या काळीपिवळी जीपला सवाऱ्या नव्हत्या. 'जीप दे, ही ने, भाडं घेऊन नवरदेव मिरव,' असं महाराजांनी सांगितलं आणि त्याने जीपची किल्ली आरतीच्या ताटात टाकली. महाराजांनी एक फेरी मारून गाडी बंद केली, वर शाल पांघरली. "देव समाधीत गेला. सूर्यास्तापर्यंत उठवायचा नाही."

भावसिंगची बायको जमनी कुजबुजली, "किल्ली उचला ना! पोट हाय ते आपलं."

"कशी उचलू? गावादेखत शब्द देल्ला. वरून देवाचं काम." पुढे ताट, मागे गर्दी.

जमनीच पुढे झाली. "बाबा, नवरदेव वाटेत चहाले उतरला, तं वरात दिवस बुडेस्तवर थांबीन काय? आत्ताच चालू करा."

लोक हसले. "घर बुडेल, पापिणी!" महाराज ओरडले. भावसिंग आणखीच आक्रसला.

जीपमध्ये खोळंबलेल्या दीपा मॅडम उतरल्या. यवतमाळला आयटीआयमध्ये त्या मोटारीचं काम शिकवतात. "भावसिंगभाऊ, इंजिन गरम आहे तोवर या गाडीची किल्ली फिरवा."

त्याने फिरवली. नुसती घरघर. पुन्हा घरघर.

"चक्र आहे हे खरं," मॅडम म्हणाल्या. "तिकोनी. टोकांवरच्या पट्ट्या आतला दाब धरतात. इथे त्या झिजल्यात. थंड इंजिनात ओतलेलं तेल फटी बुजवतं, म्हणून गाडी सुरू होते. ते जळतं, तोच तुमचा धूप. ते संपलं की दाब गळतो. मग समाधी!"

"शाप लागंल," मागून कुणीतरी पुटपुटलं. भावसिंग ताटाकडे बघत राहिला. मग त्याने जीपची किल्ली उचलली, तिला लागलेला अंगारा पँटला पुसला.

मी कीर्तनवेडा माणूस. आमचे बुवा अभंग सोडवताना मध्येच थांबून विचारतात, 'पटलं का?' देवाचं नाव घेऊन जो विचारू देत नाही, त्याच्या ताटात काही टाकू नका. आणि अशी जुनी गाडी घेताना ती गरम करा, बंद करा, लगेच पुन्हा सुरू करा. देव रागावत नाही.

जीप मात्र पहिल्या फिरकीतच सुरू झाली. "यवतमाळ, यवतमाळ!" भावसिंगचा आवाज अजून कापत होता.