रिकामी येणारी जहाजं

त्या राज्याच्या डोंगरांत लोखंड इतकं होतं, की ओढ्यांचं पाणीसुद्धा तांबडं वाहायचं. डोंगरातून खणलेली लाल माती आगगाडीनं बंदरात यायची, सरकत्या पट्ट्यांवरून जहाजांच्या पोटात पडायची आणि समुद्रापलीकडच्या देशांतल्या भट्ट्यांकडे निघून जायची. राज्याचा सगळा डोलारा त्या मातीवर उभा होता. बंदरगावात मात्र पांढरा सदरा बाहेर वाळत घालायची कुणाची टाप नव्हती.

या बंदरात जिचं अर्धं आयुष्य पाण्याखाली गेलं होतं, तिला सगळे बुडी म्हणत. पाणबुडीची बुडी कधी झाली हे तिलाही आठवत नव्हतं. धक्क्याचे खांब खालून तपासायचे, जहाजाच्या पंख्यात दोर अडकला तर कापायचा, हे तिचं काम. खांबांवर काय काय चिकटून राहतं ते तिला घरच्या भिंतीसारखं पाठ होतं.

एका सकाळी माल-धक्क्याच्या खांबावर विजेरीचा झोत टाकला आणि ती तिथंच थांबली. समोर शिंपल्यांचा एक पुंजका होता. नखाएवढे, पिवळसर, अंगावर काळ्या वाकड्यातिकड्या रेघा. असला शिंपला तिनं जन्मात पाहिला नव्हता. पुढच्या खांबावरही तेच. त्याच्या पुढच्यावर तर खांबच दिसेना.

मूठभर शिंपले हातमोज्यात घालून ती थेट घरी आली. घरात दादा, म्हणजे तिचा थोरला भाऊ, आणि वहिनी. दादा धक्क्यावरचा माल भरायचा अजस्र पट्टा चालवायचा, वहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. बुडीनं शिंपले ओट्यावर ओतले.

"अगं, भाजी चिरतेय मी तिथं!" वहिनी ओरडली, पण दुसऱ्या क्षणी तिनं सुरी बाजूला ठेवली. "कुठले हे?"

"आमच्या खांबांवरचे. पण आपले नाहीत."

"आपले नाहीत म्हणजे? पाहुणे आलेत की काय?"

वहिनीनं कपाटातली पुस्तकं काढली. इथल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांची चित्रं पालथी घातली. रेघांचा शिंपला कुठंच नव्हता. भाजी तशीच राहिली आणि दादाला त्या दिवशी लोणचं-भातावर भागवावं लागलं.

बुडीच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी ती कामाव्यतिरिक्त मासळीच्या धक्क्याखाली उतरली. तिथं एकही रेघांचा शिंपला नाही. प्रवासी बोटींच्या धक्क्याखालीही नाही. फक्त माल-धक्क्यावर.

"जहाजांच्या बुडाला चिकटून येत असतील," वहिनी म्हणाली.

पटण्यासारखं होतं. पण पुढच्या जहाजाचं बूड बुडीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. ताजा रंग, गुळगुळीत, घासलेल्या कढईसारखं. त्याच्या पुढच्या जहाजाला चिकटलं होतं थोडं शेवाळ. रेघांचे शिंपले नव्हते.

"मग काय उडत आले?" वहिनी हिरमुसली.

त्याच आठवड्यात धक्क्यावर गोंधळ उडाला. माती उडू नये म्हणून पट्ट्यांवर समुद्राचं पाणी फवारायचे, ते फवारे अचानक बंद पडले. पट्टा चालू होता, वारा सुटला होता. बघता बघता लाल धुळीचा लोट गावावर गेला. दुकानांतली काचेची कपाटं, शाळेतले बाक, माणसांच्या भुवया, सगळं तांबडं. बंदराच्या मुख्य अधिकाऱ्यानं, म्हणजे बंदरसाहेबांनी, मालभरणी थांबवली. पंप उघडला, तो ठणठणीत. शेवटी पाणी ओढणाऱ्या नळाच्या तोंडाशी बुडीला उतरवलं. ती वर आली तेव्हा पिशवी भरून रेघांचे शिंपले होते. नळ आतून गच्च भरला होता.

बंदरसाहेबांनी एक शिंपला उचलून उन्हात धरला. "हे कधीपासून?"

"तेच शोधतेय, साहेब. कुठून आले ते कळत नाहीये."

"शोध. काही लागलं तर माझ्याकडे ये," ते म्हणाले. आणि शिंपला त्यांनी खिशात टाकला.

नळ साफ झाला, भरणी पुन्हा सुरू झाली. बुडी लहान होडीत बसून जहाजाकडे बघत होती. वरून माती पडत होती आणि जहाजाच्या कुशीतल्या भोकातून पाण्याची जाड धार समुद्रात कोसळत होती. ही धार तिनं लहानपणापासून पाहिली होती. इंजिनाचं पाणी असेल, म्हणून कधी मनावर घेतलं नव्हतं. आज मात्र नजर तिथून हलेना. माती आत, पाणी बाहेर. माती थांबली, की थोड्या वेळानं पाणीही थांबायचं.

जेवताना तिनं दादाला विचारलं, "ती धार कसली रे?"

"तोलाचं पाणी. आपल्याकडून माती नेतात, इकडे आणायला काही नसतं. रिकामं जहाज वादळात उलटेल ना? म्हणून पोटात पाणी भरून येतात. माती भरत जाते तसं ते सोडून देतात."

"पाणी कुठलं?"

"कुठलं म्हणजे? निघतात तिथलं. त्यांच्या बंदरातलं."

बुडीचा घास हातातच राहिला. वहिनी तिच्याकडे बघत होती, ती वहिनीकडे.

"म्हणजे आपण डोंगर देतो," वहिनी सावकाश म्हणाली, "आणि बदल्यात त्यांचा समुद्र येतो."

"आणि त्यात कोण कोण येतं, ते कुणी बघतच नाही!"

"काय झालं तुम्हा दोघींना?" दादा म्हणाला. "मी पाण्याबद्दलच बोललो ना?"

बंदरसाहेबांनी जहाजावर जायची परवानगी मिळवून दिली. कप्तान पिकल्या दाढीचा, हसरा माणूस होता. त्याची भाषा आणि यांची भाषा निराळी, पण वहिनीच्या शाळेतल्या इंग्रजीवर निभावलं. बाटलीत पाणी हवंय म्हटल्यावर तो आधी मोठ्यानं हसला. मग खलाशाला तोलाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडायला लावून त्यानं स्वतः दोरीला बांधलेली बाटली खाली सोडली. वर आलेलं पाणी गढूळसर होतं. बुडीनं वास घेतला. समुद्राचाच, पण तिच्या ओळखीचा नव्हता.

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत चौघं सूक्ष्मदर्शकाभोवती जमले. बंदरसाहेब स्वतः आले होते, कप्तानही. थेंबामागून थेंब गेले. नुसती माती, नुसता गाळ. आणि मग वहिनी किंचाळली, "पोहतंय! अगं, पोहतंय!"

बुडीनं डोळा लावला. प्रकाशाच्या गोलात काचेसारखा पारदर्शक ठिपका भिरभिरत होता. त्याच्या कडेला केसांची झालर, आणि पाठीवर इवलीशी दोन झाकणं. शिंपल्याचं पोर. हजारो मैल अंधाऱ्या टाकीत काढून ते अजून जिवंत होतं. शत्रू सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तिला आधी त्याचं कौतुकच वाटलं.

"मोठा होऊन हा रेघांचाच निघेल, हे नक्की?" बंदरसाहेबांनी विचारलं.

"नक्की नाही सांगता येणार," वहिनी म्हणाली. "वाढवून बघते."

शाळेतल्या काचेच्या टाकीत तिनं ते पाणी जपलं. बरीच पिल्लं मेली. जगली त्यांतल्या दोघांच्या पाठीवर काही आठवड्यांनी काळ्या रेघा उमटल्या.

कप्तानाचं म्हणणं होतं, की उपाय जुना आहे. भर समुद्रात बंदरातलं पाणी टाकून खोल समुद्राचं भरायचं. किनाऱ्याचे जीव तिथं टिकत नाहीत आणि तिथले इथं. कितीतरी बंदरं तशी अट घालतात. "तुमच्याकडे कुणी विचारलंच नाही," तो खांदे उडवत म्हणाला.

बंदरसाहेबांनी तशी अट मागितल्यावर राजधानीत मात्र खळबळ झाली. अटी घातल्या तर गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याकडे जाईल, अशी भीती. बंदरसाहेब दोनदा हात हलवत परतले. तिसऱ्यांदा त्यांनी वहिनीची काचेची टाकीच मांडीवर घेऊन गाडी पकडली. तेव्हा कुठं हुकूम निघाला. आणि गिऱ्हाईक काही पळालं नाही. माती हवीच होती त्यांना.

आलेले शिंपले काही गेले नाहीत. बुडी ते खरवडते, ते पुन्हा येतात. पण मासळीच्या धक्क्यापर्यंत अजून पोचलेले नाहीत.

एक प्रश्न मात्र तिला चैन पडू देईना. हे शिंपले तिकडे, त्यांच्या मूळ घरी, कसे राहतात? तिनं वहिनीकडून कप्तानाला निरोप धाडला, की तुमच्या धक्क्याखालचा एखादा फोटो पाठवा. महिन्याभरानं फोटो आला. लाल मातीचे ढीग, इथूनच गेलेली आपली माती, आणि खाली पाण्यात एक पाणबुड्या खांब खरवडतोय. खांबावर तेच रेघांचे शिंपले. सोबत कप्तानाचे चार शब्द होते. वहिनीनं ते वाचले, मग पुन्हा एकदा वाचले.

"काय म्हणतो?" बुडीनं विचारलं.

"म्हणतो, त्यांच्या पाणबुड्याला विचारलं. तो म्हणाला, हे आमचे नाहीत. काही वर्षांपूर्वी कुठूनसे आलेत."

बुडी खो खो हसत सुटली. मग हसू आवरून तिनं भिंतीवरचा जगाचा नकाशा खाली उतरवला, ओट्यावर पसरला आणि म्हणाली, "वहिनी, त्यांच्या बंदरात रिकामी जहाजं कुठून येतात, विचार बरं त्याला."