निळीत बुडालेला शुभ्र सदरा

सोमवारची प्रार्थना संपली की मुख्याध्यापक नंदकुमार सर रांगांतून फिरत. नखं, रिबिनी, कॉलर, बुटाची नाडी, सगळं बघत. त्यांचा स्वतःचा सदरा असा कडक, की पोरं म्हणत, सर बसले तर मोडतील.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात हुकूम द्यायला सरांनी सातवीतली मथुरा निवडली होती. वेसाव्याच्या कोळीवाड्यातली पोर. किनाऱ्यावरून होडीतल्या बापाला हाका मारून तिचा आवाज असा तयार झाला होता, की तिने "सावधान!" म्हटलं की रस्त्यावरचा रिक्षावालासुद्धा ताठ होई.

त्या सोमवारी सर तिच्यापुढे थांबले.

"मथुरा, हा पांढरा रंग आहे?"

"हो सर. काल धुतलाय."

"कशात? ताकात?"

अख्खी रांग हसली. मथुराने मान खाली घातली. सदरा पिवळट होता खरा, नाही कसं म्हणणार!

"ऐक," सर जरा हळू म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे तू उभी राहणार. पाहुणे पहिल्यांदा तुलाच बघणार. सव्वीस तारखेला सदरा शुभ्र पाहिजे. नाहीतर हुकूम तुझ्या वर्गातली उत्तरा देईल."

उत्तराचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतसुद्धा जात नसे, हे सरांनाही ठाऊक होतं. पण नियम तो नियम.

मथुरा घरी आली आणि दप्तर फेकून रडली. तिची आई अंजनाबाई तेव्हा वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कमरेला पदर खोचला.

"शुभ्र पायजे ना साराला? असा शुभ्र करते, की डोळे दिपतील त्याचे!"

वाण्याकडून निळीची पुडी आली. चिमूटभर नीळ बादलीभर पाण्यात टाकायची, कपडा बुडवायचा की लगेच काढायचा, हे तुम्हाआम्हाला माहीत. पण अंजनाबाईचा हात जाळ्यांवर घडलेला. तिच्या बापाच्या वेळी सुती जाळी ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवत. काढा जितका दाट आणि मुरवणं जितकं लांब, तितकं जाळं टिकायचं. तिथे हात आखडणारी बाई आळशी ठरायची. तेव्हा तिने अख्खी पुडी ओतली, सदरा दाबून बसवला, वर दगड ठेवला आणि रात्रभर मुरू दिला.

सकाळी दगड काढला तर सदरा आभाळासारखा निळा! कुठे फिका, कुठे गडद, पाठीवर तर नकाशाच उमटलेला.

"आये, काय केलंस गं!" मथुरा किंचाळली.

अंजनाबाई पाटी घेऊन बाजाराला निघाली होती, ती तशीच खाली बसली. पोरीच्या पुढे कधी न रडणारी बाई, पण तिचे डोळे भरले.

दुसरा सदरा मागच्या वर्षीचा, त्याची बटणंच लागत नव्हती. मथुरा शाळेत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

सातवीच्या वर्गशिक्षिका क्षमाबाई पार्ल्याला राहत. संध्याकाळी देवळात कीर्तन असलं की त्यांचं पाऊल आपोआप तिकडे वळे. त्या दिवशी मन लागत नव्हतं. हजेरी घेताना मथुराच्या नावापाशी दोनदा शांतता झाली होती. पण बुवांनी झांज हातात घेतली, मृदंगावर थाप पडली आणि बाई सावरून बसल्या.

पूर्वरंगात बुवा मध्येच थांबले. म्हणाले, "मंडळी, देवाचा पोशाख किती सुंदर! पण एक सांगा, देव स्वतः उठून धोतर नेसतो का हो?"

लोक हसले.

"नाही ना? मग एखाद्या दिवशी देवाचं वस्त्र मळकं दिसलं, तर रागवायचं कोणावर? देवावर?"

"पुजाऱ्यावर!" पुढच्या ओळीतले एक आजोबा ओरडले.

"आणि पुजारी म्हणाला, महाराज, मला पाणीच नाही मिळालं! मग?"

बुवांनी हसून पुढचं पद उचललं. सगळे टाळ्यांत रंगले, पण क्षमाबाईंचं मन त्या 'मग'पाशीच बसून राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाईंनी वेसाव्याची बस धरली. विचारत विचारत घर सापडलं. दारात शाळेच्या बाई बघून अंजनाबाईची धांदल उडाली. स्टुलावरची टोपली खाली गेली, स्टूल पदराने पुसलं गेलं.

"बसा बाई. वास येल जरा, आमचा धंदाच असा."

"असू द्या हो. मथुरा कुठे आहे?"

मथुरा पडद्यामागे होती. अंजनाबाईनेच निळा सदरा आणून बाईंपुढे धरला.

"मारा मना. पोरीचा दोष नाय. मीच घाण करून ठेवली."

बाईंना आधी हसू आलं, मग त्यांनी सदरा हातात घेतला. "अंजनाबाई, सदरा मुळात पिवळा का पडतो?"

"या, दावते."

मागे विहीर होती. अंजनाबाईने पोहरा काढला आणि साबणाची वडी बाईंच्या हातात दिली. "घासा."

बाईंनी घासली, पुन्हा घासली. फेस म्हणून येईना. हातावर नुसता चिकट, राखाडी साका आला.

"खारं पाणी हाय, बाई. नळाला येतं ते प्यायलाच पुरत नाय. साराला सांगा, दर्या आमच्या दारात हाय, पण धुवायला त्याचा काय उपयोग?"

क्षमाबाईंनी सदऱ्याची घडी केली. "हा मी नेते. आणि मथुरा, उद्या तू शाळेत यायचं. जुना सदरा घालून ये, वरचं बटण नाही लागलं तरी चालेल. कोणी काही बोललं तर माझं नाव सांग."

सकाळी नंदकुमार सरांच्या टेबलावर त्यांनी तो निळा सदरा ठेवला.

"हे काय? नियम मोडायला सांगताय का, बाई?"

"मुळीच नाही. नियम राहू द्या. नळाची किल्ली द्या."

शाळेचा मागचा नळ पाणी वाया जाऊ नये म्हणून कुलपात असे आणि किल्ली सरांच्या खिशात. बाईंनी विहिरीची हकीकत सांगितली. सरांनी सदरा उलटून पाहिला. मग म्हणाले, "हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"आपण विचारलं कुठे, सर?"

सरांनी किल्ली काढली. पण ती बाईंच्या हातात न देता स्वतःच नळाकडे गेले आणि बाह्या वर सारल्या. मथुराला हाक मारली. तिने सोडा लावून घासायचं, सरांनी पाणी ओतायचं आणि पिळायचं. फेस असा आला, की मथुरा रडायचं विसरून हसायला लागली. निळं पाणी मोरीतून वाहत राहिलं. शेवटी सदरा व्हॉलीबॉलच्या जाळीवर वाळत पडला.

दुपारी तो वाळला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले. डाग गेले होते, पण कापडावर फिकी निळसर झाक राहिलीच होती.

"सर, मग उत्तरा?" मथुराने विचारलं. तिचा तो एवढा मोठा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

सरांनी सदरा जाळीवरून काढला, उन्हात धरला. मग त्याच्या शेजारी स्वतःची बाही धरली. बराच वेळ बघितलं.

"माझ्या सदऱ्यालाही नीळच आहे की गं," ते म्हणाले. "माझी बायको चिमटीने घालते, तुझ्या आईने ओंजळीने घातली. एवढंच." सदरा तिच्या हातात देऊन ते पुढे म्हणाले, "इस्त्री मात्र कडक पाहिजे हं! त्यात सूट नाही."

"घरी तांब्यात निखारे घालून करते सर."

"झकास होते त्याने! मीही लहानपणी तशीच करायचो."

सव्वीसच्या सकाळी मथुरा सगळ्यांच्या पुढे उभी राहिली. कॉलर ताठ, रिबिनी लाल. सदरा पांढराच म्हणायचा, फक्त जरा चांदण्यातला पांढरा. तिने "सावधान!" म्हटलं आणि अख्खं मैदान एका टाचेवर आलं. फाटकाबाहेर अंजनाबाई पाटी खाली ठेवून उभी होती. तीसुद्धा नकळत ताठ झाली.

कार्यक्रम संपल्यावर तिने क्षमाबाईंच्या हातात नारळ ठेवला. "तुमी मासळी खात नाय, मना ठावं हाय. आनि साराला सांगा, पोरीच्या आवाजाला नीळ घालायला लागत नाय!"

सर मागेच उभे होते. ते मोठ्याने हसले.

त्या शनिवारपासून शाळा सुटली की मागच्या नळाचं कुलूप उघडं राहू लागलं. कोळीवाड्यातली मुलं सदरे काखोटीला मारून येत आणि व्हॉलीबॉलच्या जाळीवर पांढरी रांग लागे. नीळ घालायचं काम मथुराकडे होतं. चिमटीने.